टिकलीची वही: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

वही सुरू. टिकली, आमची कुत्री, वय ७, जात म्हणजे सगळ्यांचं थोडं थोडं, अंगाने पांढरी आणि कपाळावर एक काळा ठिपका म्हणून टिकली. गेले दोनेक महिने काहीतरी बिनसलंय. एकटी ठेवली की भुंकते (शेजाऱ्यांकडून कळलं), दार आपटलं किंवा वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की टेबलाखाली जाऊन बसते, आणि परवा चक्क भाच्यावर गुरगुरली, जो तिचा सगळ्यात लाडका माणूस. सुधारणा म्हणावी तर एकच, पायमोजे पळवणं बंद झालंय, डिसेंबरपासून एकही नाही. शहाणी झाली म्हणायचं.

घरात जितकी तोंडं तितकी निदानं. मग म्हटलं सहा-सात आठवडे नीट लिहून तरी बघू. नियम एकच, जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. 'खुश', 'नाराज', 'मुद्दाम', 'हट्टी' हे शब्द वहीत बाद. "कान मागे, शेपूट खाली, ४ सेकंद" असं चालेल. आईला हे अजिबात पटलं नाही. "अगं ती रुसलीय, सरळ दिसतंय, त्यात मोजायचं काय?" बरीच घासाघीस होऊन आईला शेवटचा एक रकाना दिला, तिथे तिने रोज एका शब्दात काय ते लिहावं आणि मी तो शेवटपर्यंत बघू नये असं ठरलं.

६ फेब्रुवारी

पहिल्याच आठवड्यात नियम मीच मोडला. बाहेरून आले तर कचऱ्याचा डबा आडवा, आणि टिकली कोपऱ्यात, मान खाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, शेपूट पोटाखाली. "काय केलंस हे?" असं मी ओरडले पण. मग सवयीने मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बघितलं तर डबा माझ्याच हातून, जाताना दार ओढलं त्याच्या धक्क्याने पडलेला. ती बिचारी डब्याच्या आसपासही गेली नव्हती.

याच गोष्टीवर अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २००९ चा प्रयोग आहे. १४ कुत्री, मालकाने खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर त्याला कुत्र्याने खाल्लं की नाही ते सांगायचं, पण कधी खरं कधी खोटं. तो 'गुन्हेगार चेहरा' खाण्या-न खाण्यावर अवलंबूनच नव्हता, मालक रागावला की दिसायचा, आणि गंमत म्हणजे न खाता उगाच बोलणी खाल्लेल्यांमध्ये जास्त ठळक दिसला. म्हणजे तो चेहरा कबुलीजबाब नाही, समोरचा चिडलाय तर जरा नमतं घेऊ, एवढंच. मी टिकलीची माफी मागितली, त्याचा तिच्यावर काही परिणाम दिसला नाही (नोंद: जांभई १).

९ फेब्रुवारी

शेपटीचे तीन दिवस वाया. झालं असं की इटलीतल्या २००७ च्या अभ्यासात ३० कुत्र्यांची शेपूट वरून कॅमेरा लावून मोजली होती, मालक दिसला की ती कुत्र्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकायची आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. मेंदूचे दोन भाग वेगवेगळ्या भावना हाताळतात त्याचा हा परिणाम असावा असं संशोधकांचं म्हणणं. म्हणजे शेपूट हलली की कुत्रं खुश हे आपलं सरसकट गणित चूक, ती कुठल्या बाजूला, किती उंचावर, किती ताठ, हे सगळं बघायला लागतं. मला वाटलं आपणही करू, स्लो मोशन आहेच. तीन दिवस शूट केलं आणि मग लक्षात आलं की काही क्लिप पुढच्या कॅमेऱ्याने घेतल्यात आणि त्यात डावं-उजवं उलटं होतं, कुठल्या त्या आता आठवत नाही. सगळं डिलीट. शेपटीचा रकाना आता फक्त "वर / मध्ये / खाली".

१२ फेब्रुवारी

एकटेपणाचं रेकॉर्डिंग, सलग तीन दिवस, रोज एक तास. आमचा अंदाज होता की आम्ही गेल्या गेल्या ती दाराशी बसून भुंकत असणार, कारण ज्यांना खरंच एकटं राहता येत नाही अशा कुत्र्यांचा त्रास बहुतेक वेळा मालक गेल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतो, दार खरवडणं, लाळ गळणं, येरझाऱ्या. हिचं तसं नाही. चौथ्या मिनिटाला गादीवर आडवी. भुंकली ती बाविसाव्या मिनिटाला, वरून काहीतरी धाडकन पडल्यावर, आणि मग बराच वेळ थांबलीच नाही.

दुसरी एक गोष्ट, जिचा अर्थ लागला नाही पण लिहून ठेवते. तासात ११ वेळा जागा बदलली. गोल फिरते, बसते, उठते, दोन फूट सरकते, परत बसते. बसताना आधी पुढचे पाय, मग थांबते, मग मागचा भाग एकदम धप्पकन सोडून देते.

१५ फेब्रुवारी

झोपेतले श्वास मोजले. छाती एकदा वर-खाली म्हणजे एक, पूर्ण मिनिटभर. १८. गाढ झोपेत ३० च्या आत असले तर ठीक, रोजच त्याच्या वर जायला लागले तर डॉक्टरला दाखवायचं, हृदयाच्या आजारात हे लवकर कळतं. मध्येच पंजे थरथरले, ओठ हलले, बंद तोंडातून बारीक भुंकणं आलं, श्वास वेडेवाकडे झाले, ते मिनिट मोजणीतून वगळलं. स्वप्नांची झोप कुत्र्यांनाही असते, तेव्हा उठवू नये.

आईने कान चाचपून "अंगात ताप आहे" जाहीर केलं. थर्मामीटर लावला (कुठे ते सांगत नाही, टिकलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं ते पुरे). ३८.६. कुत्र्यांचं नॉर्मल साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, आपल्याला त्यात अंथरूण धरावं लागेल.

१८ फेब्रुवारी

फिरण्याची पद्धत बदलली. आतापर्यंत फिरणं म्हणजे मी पुढे, कानात गाणी, आणि ती कुठे थांबली की पट्ट्याला हिसका. आता अर्धं फिरणं तिच्या नाकाचं. शार्लट ड्युरंटन आणि हॉरोविट्झ यांच्या २०१९ च्या अभ्यासात २० कुत्र्यांना दोन आठवडे रोज एकतर वास घेऊन खाऊ शोधायचा खेळ दिला किंवा मालकाच्या पायाशी चालायचा सराव दिला, आणि नाक वापरणारी कुत्री नंतरच्या चाचणीत जास्त आशावादी निघाली. (आशावादी कसं मोजतात ते पुढे येईल, माझा तो प्रयोग चालू आहे.)

आज एका खांबापाशी ती ७० सेकंद उभी. जवळ उकिडवी बसून बघितलं. नाकपुडीला बाजूला एक चीर असते, आत घेतलेला श्वास समोरून जातो आणि सोडलेला त्या चिरेतून बाजूला बाहेर पडतो, म्हणजे सोडलेल्या हवेने समोरचा वास उडून जात नाही. हुंगणं जवळजवळ न थांबता, मिशा खांबाला टेकलेल्या, मग एकदम थांबली, दात हलके वाजल्यासारखे झाले, एक थेंब लाळ. टाळूच्या वर वेगळं इंद्रिय असतं दुसऱ्या प्राण्यांचे रासायनिक निरोप वाचायला, तिकडे माल पाठवत असावी. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्यांत ३० कोटींपर्यंत सांगतात. म्हणजे मी इतकी वर्षं वाचत असलेल्या माणसाच्या हातातून पेपर हिसकावून घेत होते.

नोंद: ४० मिनिटं, जेमतेम ९०० मीटर. परत आल्यावर दोन तास झोप. पण झोपेतून उठताना एकदा अडखळली.

२१ फेब्रुवारी

काका आले होते. गुरगुरण्याचं ऐकून म्हणाले, "तुम्ही तिला डोक्यावर बसवलंय, ती स्वतःला अल्फा समजते, एकदा पाठीवर पाडून दाबून धर, सरळ होईल." काकांशी वाद घालत नाही, पण वहीत लिहिते. हे अल्फा (म्हणजे कळपावर हुकूम चालवणारा म्होरक्या) प्रकरण आलं रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या कामातून, त्यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले लांडगे बघितले होते. डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते सगळीकडे पोचलं. पुढे डेव्हिड मीच यांनीच मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं, तिथे कोणी मारामारी करून गादीवर बसत नाही. सांगणाऱ्याने सुधारून सांगितलं, ऐकणारे अजून जुनंच धरून. आणि टिकली लांडगा नाहीच मुळात.

दाबून धरण्याचं म्हणाल तर पोर्तुगालमधल्या २०२० च्या अभ्यासात ९२ कुत्री होती, ओरडून-हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त, शिकवण्यानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) सुद्धा जास्त वाढलेलं. गुरगुरणं ही पाटी आहे, "पुढे धोका" अशी. पाटी उपटली तर धोका जात नाही, पुढच्या वेळी न गुरगुरता थेट दात.

काका गेल्यावर आईने हळूच विचारलं, "खरंच दाबणार नाहीस ना?" नाही गं.

२४ फेब्रुवारी

आशावादाचा प्रयोग. कल्पना सोपी आहे. एका बाजूच्या भांड्यात कायम खाऊ, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नाही. कुत्र्याला फरक कळला की मग भांडं मधोमध ठेवायचं आणि ते किती वेगाने तिकडे जातं ते मोजायचं. वेगाने गेलं तर "असेल काहीतरी" म्हणणारं, रेंगाळलं तर "कशाला उगाच" म्हणणारं. माइक मेंडल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशाच चाचणीत दाखवलं होतं की एकटं सोडल्यावर जास्त त्रास करून घेणारी कुत्री मधल्या भांड्याकडे सावकाश जातात.

आमच्या हॉलमध्ये, ४ मीटर अंतर. भरलेली बाजू सरासरी ३.२ सेकंद, रिकामी ८, मधली ७.४. मधली जवळजवळ रिकाम्यासारखीच! मी "निराशावादी" लिहायला पेन उचललं, म्हणजे माझाच नियम परत मोडत होते, आणि तेवढ्यात व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावला म्हणून वाचले. भरलेल्या भांड्याच्या वाटेवर गालिचा आहे. मधली आणि रिकामी वाट नुसती गुळगुळीत फरशी. फरशीवर तिचा उजवा मागचा पाय बाहेर घसरतो, मग ती दोन्ही मागचे पाय एकत्र उचलते, सशासारखे, दोन-तीन उड्या, मग परत चालते. पाच वेळा बघितलं. पाचही वेळा उजवाच पाय.

गालिचा मध्ये ओढला. मधल्या भांड्याला ४.१ सेकंद.

मी तिचं मन मोजायला बसले होते आणि मोजत होते फरशी.

२६ फेब्रुवारी

अंगाचा नकाशा. पाच सेकंद हात फिरवायचा, थांबायचं, हात मागे घ्यायचा आणि ती काय करते बघायचं. जवळ सरकली, नाकाने हात ढकलला तर होकार. मान वळवली, जिभेने नाक चाटलं, जांभई दिली, गोठून बसली तर नकार. प्रत्येक जागेला १० वेळा, तीन दिवसांत विभागून, घाई नाही.

छाती: १० पैकी १० होकार. मान: ९. पाठीचा मधला भाग: ६. कमरेच्या मागे, शेपटीच्या मुळापाशी: १. बाकीच्या वेळी ओठ चाटणं, आणि दोनदा मान गर्रकन हाताकडे.

भाच्याला फोन लावला, त्या दिवशी नेमकं काय केलं होतंस? "काही नाही गं मावशी, ती झोपली होती, मी तिच्यावर डोकं ठेवून आडवा झालो." कुठे डोकं ठेवलंस? "मागे. उशीसारखं."

२८ फेब्रुवारी

आता आवाजाची भीती. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठातल्या डॅनियल मिल्स यांच्या गटाने २०१८ मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या केसेस तपासल्या, १० जणांना हाडं-स्नायूंचं दुखणं होतं, १० जणांना नव्हतं. दुखणं असणाऱ्यांची भीती बरीच उशिरा, मोठ्या वयात सुरू झालेली. कारण त्यांनी असं सुचवलंय: आवाज झाला की अंग दचकतं, स्नायू एकदम आवळतात, आधीच दुखणाऱ्या सांध्यात कळ जाते, आणि कुत्र्याच्या डोक्यात आवाज आणि कळ यांची गाठ बसते. खाण्याआधी रोज घंटा वाजली की पुढे नुसत्या घंटेने कुत्र्याला लाळ सुटते, त्या पाव्हलॉव्हचंच हे गणित, घंटेच्या जागी दाराचा आवाज आणि खाण्याच्या जागी कळ.

टिकली पिल्लू असल्यापासून कसल्याच आवाजाला घाबरायची नाही. सातव्या वर्षी, अचानक.

११ वेळा जागा बदलणं, धप्पकन बसणं, उठताना अडखळणं, सगळं वहीत होतं. मीच लिहिलेलं. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली.

२ मार्च

डॉक्टर मॅडमनी पहिलं विचारलं, "व्हिडिओ आहे का? इथे आलं की कुत्री लंगडत नाहीत." खरंच, दवाखान्यात टिकली अशी चालली जणू काही झालंच नाही, घाबरून सगळं अंग सावरून. फरशीवरचा व्हिडिओ त्यांनी दोनदा बघितला, मग पाय हळूहळू मागे ताणून बघितला, मग एक्सरे. उजव्या खुब्याच्या सांध्याची झीज. एका दिवसात होणारी गोष्ट नाही ही, महिने-वर्षं चाललेली.

रक्त तपासून (लिव्हर, किडनी) मग कुत्र्यांसाठीचं वेदनेवरचं औषध सुरू. आणि बजावून सांगितलं की घरातली माणसांची गोळी अजिबात नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात अल्सर आणि किडनीला मार बसतो, पॅरासिटॅमॉल लिव्हर आणि रक्तातल्या लाल पेशींवर जातं.

दुसरं म्हणजे वजन. १९.६ किलो, असायला हवं १७ च्या आसपास. मॅडमनी माझाच हात वापरून शिकवलं: मूठ वळून बोटांच्या हाडांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरव, बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं फार हडकलेलं. हात सपाट करून मागच्या बाजूने तसंच फिरव, असं लागलं तर बरोबर. तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळाशी फिरव, हाडं आहेत पण दाबून शोधावी लागतात, असं लागलं तर जास्त. टिकली सरळसरळ तळहात. आम्ही तिला 'गुबगुबीत' म्हणायचो.

हा भाग मला जास्त लागला, कारण अभ्यास आधी वाचलेला होता. ४८ लॅब्राडॉर, २४ जोड्या, प्रत्येक जोडीतली दोन्ही पिल्लं एकाच विणीतली, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, जन्मभर. २००२ मध्ये निकाल छापून आला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी त्याआधी गेली, निम्मी नंतर) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा आली. जवळजवळ दोन वर्षं, नुसत्या वाटीच्या मापावर.

८ मार्च

घरात सगळीकडे चटया. सोफ्याला उतरती फळी, वर घट्ट कापड. फिरणं दिवसातून तीनदा थोडं थोडं, रविवारचं लांबलचक बंद. खाणं काट्यावर ग्रॅममध्ये. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरवायचं, त्याहून जोरात नाही.

तीन दिवस काटा जागचा हलेना. "आई, तू तिला मधे काही देतेस का?" "छे, एवढंसं." एवढंसं म्हणजे किती ते ताटलीत ठेवायला लावलं, काट्यावर १४ ग्रॅम. आणि दिवसातून सहा वेळा. आई म्हणाली, "बघते गं माझ्याकडे, नाही कसं म्हणायचं?" आता बघण्याचं शास्त्र सांगायला गेले तर ते आईच्याच बाजूचं. जपानमधल्या २०१५ च्या अभ्यासात कुत्रं आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांतही ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक) वाढलं होतं, माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत ते दिसलं नाही. आणि कुत्र्यांना आतली भुवई वर उचलणारा जो ठसठशीत स्नायू आहे तो लांडग्यांत जेमतेम असतो, त्यानेच तो केविलवाणा चेहरा होतो. आई हरणारच होती.

तोडगा: सकाळी दिवसाच्या मापातूनच थोडं काढून डबीत. आईने हवं तेव्हा द्यावं, डबी संपली की संपलं.

१९ मार्च

आकडे. तासात जागा बदलणं ११ वरून ४. बाविसाव्या मिनिटाचं भुंकणं अजून आहे, पण दोन-तीनदा भुंकून परत झोपते. आवाजावर वेगळं काम चालू, दार आपटण्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावायचं आणि लगेच खाऊ, ती कान टवकारून माझ्याकडे बघायला लागली की मगच आवाज एक खूण वाढवायचा. अधीर होऊन एकदा दोन खुणा वाढवल्या तर टेबलाखाली गेली, तीन दिवस मागे.

कमरेपाशी होकार १० पैकी ५.

औषध, चटया, खाणं, फिरणं सगळं एकाच आठवड्यात बदललं, त्यामुळे कशाने काय झालं ते सांगता येणार नाही, प्रयोग म्हणून हे भिकार आहे. शिवाय कुत्र्याला औषध नसलेली नुसती गोळी दिली तरी मालकाला "बरं वाटतंय हो तिला" दिसायला लागतं, हे खरंच मोजलेलं आहे. म्हणून मी मोजणी व्हिडिओवरूनच करते, आणि क्लिप आधीची की नंतरची ते न सांगता ताईला मोजायला देते. तिचे आणि माझे आकडे एखाद-दुसऱ्याने इकडेतिकडे.

२४ मार्च

आईचा रकाना आज पहिल्यांदा उघडला. बहुतेक दिवशी "बरी", "झोपाळू", एकदा "लबाड". औषध सुरू होण्याआधी "रुसलीय" ९ दिवस. माझ्या नोंदींशेजारी ठेवलं, तर ९ पैकी ७ दिवस हे लांब फिरणं किंवा खूप जिने चढ-उतार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचे. मी ज्या शब्दाला बंदी घातली तो दुखण्याचा अख्खा तक्ता होता, आणि मी तो बघायचा नाही असं ठरवून बसले होते.

आईला दाखवलं. म्हणाली, "मग रुसणारच ना. दुखत होतं आणि तुम्ही नुसते लिहीत होतात."

२८ मार्च

वजन १८.९. सोफ्याची फळी ती चढायला वापरत नाही, तिच्यावर झोपते.

आईच्या रकान्यात आज "भांडकुदळ". म्हटलं, म्हणजे नेमकं काय केलं तिने? तर सकाळी माझा पायमोजा घेऊन सगळ्या घरभर पळाली, आणि आई मागे लागली तर टेबलाला दोन फेऱ्या मारल्या. पायमोज्याचा रकाना वहीत नव्हता. आखला, तारीख घातली, १.